दुर्बिणीबरोबर आलेली पुस्तकं: एडिनबर्गची क्रॉफर्ड लायब्ररी

प्रश्न असा आहे की एडिनबर्गच्या रॉयल ऑब्झर्व्हेटरीत कोपर्निकस, केपलर, न्यूटन यांच्या पहिल्या आवृत्त्या असलेली क्रॉफर्ड लायब्ररी आहे, तर एवढी दुर्मिळ पुस्तकं वेधशाळेत कशी आली, विद्यापीठात किंवा म्युझियममध्ये का नाही, आणि आता सगळं स्कॅन होऊन फुकट वाचायला मिळतंय तर मूळ प्रती एवढा खर्च करून जपायच्या कशाला.

मी ग्रंथसंवर्धनाचं काम करते, म्हणजे जुनी पुस्तकं दुरुस्त करणं, त्यांची बांधणी, कागद, शाई बघणं, त्यामुळे दुसरा प्रश्न मला रोजच कोणी ना कोणी विचारतं. पण त्याचं उत्तर पहिल्या प्रश्नातच दडलंय, म्हणून आधी इतिहास सांगते, जरा लांबेल.

थोडक्यात सांगायचं तर ही पुस्तकं कोणी शोकेसमध्ये मांडायला म्हणून घेतलीच नव्हती. दुर्बीण, घड्याळ, वर्णपटदर्शक (प्रकाशातले रंग सुटे करून बघायचं उपकरण) घ्यावं तशी एका वेधशाळेचं सामान म्हणून ती घेतली गेली, आणि पुढे दुर्बिणींबरोबरच एकाच दानपत्रात एडिनबर्गला आली.

ज्याने घेतली तो जेम्स लुडोविक लिंडसे, जन्म 1847, पुढे क्रॉफर्डचा 26 वा अर्ल, म्हणजे तिथला वंशपरंपरागत सरदार. घर गडगंज. वडील अलेक्झांडर लिंडसे म्हणजे पुस्तकवेडा माणूस, त्यांनी जमवलेली बिब्लिओथेका लिंडेसियाना ही त्या काळातल्या ब्रिटनमधल्या सगळ्यात मोठ्या खाजगी लायब्ररींपैकी एक. म्हणजे मुलगा पुस्तकांतच वाढलेला, पण त्याला नाद लागला आकाशाचा. स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनच्या पश्चिमेला डन एक्ट नावाची त्यांची जहागीर होती, तिथे त्याने 1872 मध्ये स्वतःच्या खर्चाने वेधशाळा बांधायला घेतली आणि ती चालवायला डेव्हिड गिलला नेमलं. हा गिल ॲबरडीनचा, घराण्याचा धंदा घड्याळांचा, हौशी खगोलनिरीक्षक, पण हात असा की पुढे केप ऑफ गुड होपच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. गिलने धंदा सोडला, पगार कमी घेतला आणि आला. त्याच्यानंतर 1876 मध्ये राल्फ कोपलंड आला, त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1874 च्या डिसेंबरमध्ये शुक्राचं अधिक्रमण होतं, म्हणजे शुक्र सूर्याच्या बिंबावरून सरकताना दिसणार होता, सूर्याचं अंतर काढायची संधी. त्यासाठी लिंडसेने सरकारची वाट न बघता स्वतःची मोहीम मॉरिशसला नेली. तेच मॉरिशस जिथे आपली कोकणातली माणसं उसाच्या मळ्यांत राबायला गेली होती. लिंडसे स्वतःच्या यॉटमधून गेला, गिल वेगळ्या बोटीने पन्नासेक क्रोनोमीटर, म्हणजे अगदी बिनचूक घड्याळं, जपत जपत गेला, कारण ठिकाणाचं रेखांश बिनचूक नसेल तर बाकी सगळी मापं वाया. हे सांगायचं कारण एवढंच की माणूस पैसेवाला हौशी असला तरी काम हौशी नव्हतं. 1878 मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला आणि रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा अध्यक्षही.

आता मुख्य मुद्दा, वेधशाळेला जुनी पुस्तकं लागतात कशाला? तर खगोलशास्त्र हे असं शास्त्र आहे की प्रयोग परत करता येत नाही. 1577 चा धूमकेतू तुम्ही पुन्हा बोलावू शकत नाही, त्या वेळी ज्याने तो बघितला आणि अमुक ताऱ्यापासून इतक्या अंशांवर होता असं लिहून ठेवलं तोच तुमचा डेटा. हॅलीने काय केलं, 1531, 1607 आणि 1682 या तिन्ही धूमकेतूंच्या जुन्या नोंदी शेजारी ठेवल्या, कक्षा जवळपास सारख्या निघाल्या, म्हणून म्हणाला हा एकच आहे आणि 1758 च्या सुमाराला परत येईल, आणि आला. म्हणजे ग्रंथालयात बसून केलेलं काम. म्हणून 19 व्या शतकात कुठलीही मोठी वेधशाळा लायब्ररीवर पैसे टाकायची. रशियात पुल्कोव्होची वेधशाळा 1839 मध्ये उघडली तेव्हा तिथला प्रमुख स्ट्रुव्ह पहिल्यापासून पुस्तकांच्या मागे होता, धूमकेतूंसाठी प्रसिद्ध असलेल्या ओल्बर्सची अख्खी लायब्ररी त्याने विकत घेतली, केपलरची हस्तलिखितंसुद्धा तिथे होती. ती पुल्कोव्होची लायब्ररी दुसऱ्या महायुद्धात होरपळली आणि उरल्यासुरल्यातलं बरंच 1997 च्या आगीत पुन्हा जळालं. जागा सुरक्षित असणं, वायरिंग नीट असणं, छप्पर न गळणं ही आमच्या धंद्यातली अर्धी लढाई असते, लोकांना वाटतं कसर आणि वाळवी हेच शत्रू.

तर लिंडसेने घ्यायला सुरुवात केली. 1871 मध्ये चार्ल्स बॅबेज वारला, तोच तो गणनयंत्रवाला, त्याचा गणिताच्या आणि विज्ञानाच्या पुस्तकांचा मोठा संग्रह होता, तो लिंडसेने एकगठ्ठा उचलला. बॅबेजची पुस्तकं वेधशाळेत काय करणार असं वाटेल, पण बॅबेजला यंत्राची कल्पनाच मुळात खगोलशास्त्राच्या कोष्टकांतल्या चुका तपासताना वैतागून सुचली होती, आणि वेधशाळेचं निम्मं आयुष्य कोष्टकांतच जातं, त्यामुळे संग्रह अगदी योग्य जागी पडला. त्याबरोबर जुनी हस्तलिखितं, पंधराव्या-सोळाव्या शतकातली छापील पुस्तकं, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणाऱ्या कोपर्निकसच्या ग्रंथाची 1543 ची पहिली आवृत्ती, केपलर, गॅलिलिओ, न्यूटनचा 1687 चा ग्रंथ, हे सगळं येत गेलं. आज तिथे 15,000 च्या वर नोंदी आहेत.

पण मला विचाराल तर त्या लायब्ररीतली खरी गंमत मोठ्या नावांत नाही, धूमकेतूंच्या चोपड्यांत आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात धूमकेतू दिसला की युरोपभर चार-आठ-सोळा पानी चोपड्या निघायच्या, कोणी पाद्री देवाचा कोप म्हणून प्रवचन छापतोय, कोणी ज्योतिषी राजा मरणार म्हणतोय, कोणी डॉक्टर साथीचा रोग येणार म्हणतोय, आणि मध्येच एखादा शहाणा माणूस शांतपणे रोजच्या जागेची नोंद देतोय. स्वस्त कागद, घाईची छपाई, लोकांनी वाचून टाकून दिलेल्या. असल्या गोष्टी टिकतात कशा माहितीय, कोणीतरी एकदा दहा-पंधरा चोपड्या एकत्र शिवून वर चामड्याची किंवा चर्मपत्राची बांधणी करतो, त्या जाड ठोकळ्याच्या पोटात त्या वाचतात. मी असे ठोकळे हाताळलेत (तिथले नव्हे, दुसरीकडचे), उघडल्यावर प्रत्येक चोपडीची उंची वेगळी, कागद वेगळा, एकीवर मेणबत्तीचा डाग तर दुसरीवर कोणीतरी समासात धूमकेतूची शेपटी काढून बघितलेली. असला माल श्रीमंत संग्राहक घेत नसे, कारण दिसायला काहीच नाही. लिंडसेने धूमकेतूंवरच्या या चोपड्यांचा फार मोठा साठा जमवला, कारण त्याला दिसण्याशी कर्तव्यच नव्हतं, त्याला धूमकेतू हवे होते.

(आणि हो, याच माणसाने पुढे पोस्टाच्या तिकिटांवरच्या पुस्तकांचीही जगातली एक अव्वल लायब्ररी उभी केली, ती तो 1913 मध्ये गेला तेव्हा ब्रिटिश म्युझियमला दिली, आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. एकदा हात घातला की त्या विषयाचा चिटोरासुद्धा सोडायचा नाही, असा स्वभाव.)

मग 1880 मध्ये वडील गेले, तो अर्ल झाला, जहागिरीचा पसारा अंगावर आला आणि पैशाची चणचण सुरू झाली. बिब्लिओथेका लिंडेसियानातली पुस्तकं लिलावात निघायला लागली, 1887 च्या विक्रीत तर गुटेनबर्गचं बायबल गेलं. पुढे 1901 मध्ये हस्तलिखितांचा प्रचंड संग्रह मँचेस्टरच्या श्रीमती रायलंड्स यांनी 1,55,000 पौंडांना घेतला, त्यात भारतात जमवलेली फारसी हस्तलिखितंही होती. म्हणजे घरातली पुस्तकं एकीकडे विकायला काढलीयत, आणि त्याच वेळी, 1888 मध्ये, हा माणूस डन एक्टची सगळी उपकरणं आणि खगोलशास्त्राची संपूर्ण लायब्ररी देशाला फुकट देऊन टाकतो. विकली असती तर चिक्कार पैसे आले असते.

दिली ती मात्र एका अटीवर, आणि सगळी मेख त्या अटीत आहे. त्या वेळी एडिनबर्गची सरकारी वेधशाळा काल्टन हिलवर होती, गावाच्या अगदी मध्यात, खाली वेव्हर्ली स्टेशन, इंजिनांचा धूर, पैशाची बोंब. तिथला प्रमुख चार्ल्स पियाझी स्मिथ वर्षानुवर्षं सरकारकडे निधी मागून थकला आणि 1888 मध्ये राजीनामा देऊन निघून गेला. सरकारला वाटलं बरंच झालं, आता ही ब्याद विद्यापीठाकडे सरकवून मोकळं होऊ. हे कानावर आल्यावर लिंडसेने, म्हणजे आता अर्ल क्रॉफर्डने, प्रस्ताव टाकला, माझ्या दुर्बिणी आणि पुस्तकं घ्या, पण बदल्यात एडिनबर्गला नवी रॉयल ऑब्झर्व्हेटरी बांधा आणि सरकारी खर्चाने चालवा. एवढं घबाड फुकट मिळत असताना नाही म्हणणं सरकारला जड गेलं. शहराच्या दक्षिणेला ब्लॅकफर्ड हिलवर नवी इमारत झाली, 1896 मध्ये उघडली, आणि प्रमुख म्हणून 1889 पासून आला तो आपला कोपलंड, ज्याने डन एक्टला तीच पुस्तकं वर्षानुवर्षं वापरली होती. लायब्ररीची छापील यादी 1890 मध्येच निघाली. तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. लोक वेधशाळेत लायब्ररी आहे म्हणून नवल करतात, पण खरं तर या पुस्तकांच्या आणि दुर्बिणींच्या जिवावर ती वेधशाळा वाचलीय.

दान देताना अट घालणं हे आपल्याकडे जरा कोतेपणाचं समजतात, पण या बाबतीत मी पक्की व्यवहारी आहे. आपल्या पुण्याचंच बघा. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा झाली, तीही 1888 चीच, प्रोफेसर कावसजी नायगमवाला यांनी ती जिद्दीने चालवली, पण सगळा डोलारा त्या एका माणसावर. 1912 मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद, मोठी दुर्बीण गेली कोडाईकनालला. नायगमवालांच्या कामात काही खोट नव्हती, त्यांच्यानंतर कोण चालवणार हे कागदावर बांधलेलं नव्हतं, एवढाच फरक. एखाद्या संग्रहाबद्दल विचारायला कोणी माझ्याकडे आलं की मी आधी पुस्तकं बघत नाही, दानपत्र मागते.

आता दुसरा प्रश्न, स्कॅन झालंय तर मूळ प्रत कशाला. यासाठी 1970 मधली गोष्ट सांगावी लागेल, आमच्या क्षेत्रात ती सगळ्यांना माहीत असते पण बाहेर फारशी नाही. आर्थर कोस्लर नावाच्या लेखकाने 1959 मध्ये लिहून ठेवलं होतं की कोपर्निकसचं ते गाजलेलं पुस्तक कोणी वाचलंच नाही. पुस्तक अवघड आहे, पहिली वीसेक पानं सोडली तर नुसती भूमिती आणि कोष्टकं, त्यामुळे लोकांना ते पटलंही. ओवेन गिंगरिच नावाचे हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ, त्यांची एका मित्राशी हीच चर्चा झाली होती की खरंच किती जणांनी ते शेवटपर्यंत वाचलं असेल, आणि त्यानंतर काही दिवसांतच ते एडिनबर्गला क्रॉफर्ड लायब्ररीत गेले आणि तिथली पहिल्या आवृत्तीची प्रत उघडली. तर आत पहिल्यापासून शेवटपर्यंत समास शाईने भरलेले. बारीक, नीट, विचारपूर्वक टिपणं, आणि तीही सूर्य मध्यभागी वगैरे सुरुवातीच्या सोप्या भागात कमी आणि पुढच्या गणिती भागात खच्चून. बांधणीवर दाबलेली आद्याक्षरं आणि हस्ताक्षर यांवरून त्यांनी ओळखलं की ही प्रत एरास्मस राइनहोल्डची आहे, विटेनबर्गचा प्राध्यापक, त्या पिढीतला गणिती खगोलशास्त्रातला बापमाणूस, ज्याने कोपर्निकसच्याच पद्धतीवरून 1551 मध्ये ग्रहांची कोष्टकं काढली.

त्या प्रतीच्या आतल्या शीर्षकपानावर राइनहोल्डने लॅटिनमध्ये एक वाक्य लिहिलंय, अर्थ असा की आकाशातली गती एकसमान आणि वर्तुळाकार असते किंवा एकसमान वर्तुळाकार गतींचीच मिळून झालेली असते. वरवर बघता साधं वाक्य, पण त्यावरून कळतं की हा माणूस पुस्तकात काय शोधत होता. टॉलेमीच्या, म्हणजे पृथ्वी मध्यभागी धरणाऱ्या जुन्या पद्धतीत ग्रह वर्तुळात फिरतो पण त्याचा वेग एका भलत्याच बिंदूवरून बघितला तरच एकसमान दिसतो, ही तडजोड या लोकांना शतकानुशतकं खुपत होती. कोपर्निकसने ती काढून टाकली याचा राइनहोल्डला आनंद, पृथ्वी फिरते की सूर्य यात त्याला फारसा रस नाही. म्हणजे आज आपण ज्या गोष्टीसाठी कोपर्निकसला डोक्यावर घेतो तिच्याकडे त्याच्या सगळ्यात बारकाईने वाचणाऱ्या वाचकाने जवळपास दुर्लक्षच केलं. हे छापील मजकुरात कुठून कळणार? छापील मजकूर सगळ्या प्रतींत एकच आहे.

गिंगरिच मग पेटले. मिळेल ती प्रत बघायची असं ठरवून त्यांनी पुढची तीस वर्षं युरोप-अमेरिका पालथी घातली, 1543 ची न्युरेंबर्गची आणि 1566 ची बाझलची अशा दोन्ही आवृत्त्यांच्या मिळून सुमारे 600 प्रती तपासल्या आणि 2002 मध्ये त्यांची सविस्तर गणना छापली. त्यातून काय निघालं, तर राइनहोल्डची टिपणं विद्यार्थ्यांनी आपापल्या प्रतींत उतरवून घेतलेली, त्यांच्याकडून पुढच्यांनी, म्हणजे कोण कोणाकडे शिकलं, कुठल्या गावातून कुठल्या गावाला विचार गेला याचा नकाशाच समासांतून तयार झाला. टायको ब्राही या सोळाव्या शतकातल्या नामांकित खगोलनिरीक्षकाच्या हातची म्हणून मिरवलेली टिपणं पॉल विटिख नावाच्या भलत्याच माणसाची निघाली. शिवाय कुठल्या प्रतीवर कुठला डाग, कुठली सही हे नोंदलेलं असल्यामुळे चोरीला गेलेल्या प्रती ओळखायलाही त्या नोंदी कामी आल्या.

आणि आता माझ्या धंद्यातली कबुली, म्हणजे माझी नव्हे, धंद्याची. 19 व्या शतकात श्रीमंत ग्राहकाला कोरी प्रत हवी असायची. जुनं पुस्तक आलं की बाइंडर ते उसवायचा, पानं सुटी करून पाण्यात आणि ब्लीचमध्ये बुडवून शाईची टिपणं घालवायचा, वाळवून दाबायचा, कडा कापून सरळ करायचा, त्यात समासातलं उरलंसुरलं लिखाण अर्धं कापलं जायचं, मग वर लाल मोरोक्को चामडं आणि सोनेरी कडा. दिसायला राजेशाही, आतून धुतलेलं. अशी प्रत हातात आली की कागदावरूनच कळतं, बोट फिरवलं की तो लिबलिबीत, जीव नसल्यासारखा लागतो, कागदाला बळ देणारी खळ निघून गेलेली असते. राइनहोल्डची प्रत या मशीनमधून गेली नाही. ती कोणाच्या नजरेतून सुटली म्हणून वाचली की कोणी मुद्दाम जपली याच्या खोलात मी जात नाही, पण वेधशाळेसाठी घेतलेल्या पुस्तकाला सोनेरी कडांची हौस कोण करणार होतं?

तर स्कॅनबद्दल. स्कॅन उत्तम गोष्ट आहे, मी स्वतः रोज वापरते, आणि नुसता मजकूर वाचायचा असेल तर उगाच मूळ प्रत मागवून तिचा कणा मोडू नका. पण स्कॅन एका प्रतीचं असतं. लोक समजतात की कोपर्निकस स्कॅन झाला, झाली ती कुठल्यातरी एका लायब्ररीतली एक प्रत, बहुतेक वेळा स्वच्छ बघून निवडलेली. शिवाय कागदातला वॉटरमार्क, शिलाईच्या दोऱ्याची भोकं, बांधणीच्या पुठ्ठ्यात भरलेले जुन्या छपाईचे तुकडे, शाईचे दोन थर वेगवेगळ्या काळातले आहेत का, हे साध्या स्कॅनमध्ये येत नाही, आलंच तर कोणी मुद्दाम वेगळा प्रकाश टाकून फोटो काढला असेल तर.

खर्चाचं म्हणाल तर सोळाव्या शतकातलं पुस्तक जपणं लोकांना वाटतं तेवढं महाग नाही. तो कागद लिननच्या चिंध्यांचा, मजबूत, त्याला थंड खोली आणि स्थिर आर्द्रता मिळाली की त्याची फार काही मागणी नसते, साधारण 16 ते 19 अंश आणि 45 ते 55 टक्के, आणि मुख्य म्हणजे रोज वरखाली नको. हातमोजे घालायची गरज नाही, स्वच्छ धुतलेले कोरडे हात बरे, मोज्यांनी पानाची कड कळत नाही आणि फाटतं. टीव्हीवर पांढरे मोजे दिसतात ते कॅमेऱ्यासाठी. जीव खातात ती 1850 नंतरची लाकडाच्या लगद्याची पुस्तकं, त्यातलं आम्ल आतूनच कागद जाळतं, हात लावला की पापडासारखा तुकडा पडतो. म्हणजे गंमत अशी की कोपर्निकस पाचशे वर्षं तगतो आणि त्याच्यावर लिहिलेलं 1900 चं पुस्तक आधी मरतं.

याच प्रश्नाखाली एकाने विचारलंय की घरी आजोबांची जुनी पंचांगं आणि ज्योतिषगणिताची पुस्तकं पडलीयत, मोबाइलने स्कॅन करून रद्दीत दिली तर चालेल का. छापील पंचांग कोरं असेल आणि त्याच वर्षाचं लायब्ररीत मिळत असेल तर द्या खुशाल. पण आधी प्रत्येक पान उलटून बघा, समासात ग्रहणाची वेळ, पावसाची नोंद, जन्मतिथी, हिशेब, छापलेल्या आकड्यावर काट मारून लिहिलेला दुसरा आकडा, असलं काहीही हाताने लिहिलेलं दिसलं तर ती प्रत ठेवा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको, डांबराच्या गोळ्या पुस्तकांत टाकू नका, जाड सुती कापडात बांधून भिंतीपासून लांब, कोरड्या कपाटात ठेवा आणि पावसाळा संपला की एकदा उघडून वारा द्या, थेट उन्हात नाही.

आणि एडिनबर्गला जाणार असाल तर तशीच चक्कर टाकू नका, आधी लायब्ररीला लिहा, कुठलं पुस्तक आणि कशासाठी ते स्पष्ट सांगा, पेन घरी ठेवा, पेन्सिल न्या. कोपर्निकस तर सगळेच मागतात, तुम्ही धूमकेतूंच्या चोपड्यांचा एखादा ठोकळा मागा.